‘हात बसला की झाले’ या मताचा प्रतिवाद

लाकूडकामाच्या कारखान्यांत आणि घरोघरी चालणाऱ्या फर्निचरच्या कामांवर एक मत इतक्या सहजपणे मांडले जाते की, ते तपासून पाहण्याची गरज क्वचितच कोणाला वाटते. ते मत असे की, ड्रिल असो वा राउटर, त्यात लावलेले बिट ही दुय्यम बाब आहे. कारागिराचा हात एकदा बसला की कोणत्याही बिटाने काम निभावते, आणि भोक सरकले, कडा फाटली किंवा बोटाला इजा झाली तर त्याचे कारण हाताच्या कच्चेपणात किंवा ढळलेल्या लक्षात शोधावे. बिट बदलून मागणाऱ्या शिकाऊ मुलाला ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण ऐकवली जाते आणि विषय तिथेच संपवला जातो. प्रस्तुत लेखाचा विरोध या मताला आहे, कारण ते केवळ अपुरे नाही तर घातक आहे: ज्या गोष्टी यंत्राचे बटण दाबण्यापूर्वीच ठरून गेलेल्या असतात, त्यांची जबाबदारी ते बटण दाबणाऱ्या माणसाच्या हातावर टाकते.

हे मत कुठून आले हे समजून घेतले तर त्यातला खरा अंशही दिसतो. पटाशी, रंधा आणि दोरीने फिरवायचा सामता ही ज्या काळातली हत्यारे, त्या काळात धारेचा वेग आणि हाताचा वेग एकच होता. पटाशी लाकडाच्या रेषेत घुसू लागली तर ते मनगटाला आधी कळे, आणि कळल्यानंतर हात थांबवायला पुरेसा अवधी मिळे. बोथट पटाशीनेही एखादा निष्णात सुतार स्वच्छ खाच काढू शकतो, हे म्हणणे त्या हत्यारांपुरते बऱ्याच अंशी खरे आहे. राउटरच्या बाबतीत मात्र हा आधारच नाहीसा होतो. राउटर म्हणजे उभ्या आसावर अतिवेगाने फिरणाऱ्या बिटाने लाकडाची कड घडवणारे किंवा खाच काढणारे यंत्र. त्याची गती मिनिटाला २४,००० फेऱ्यांपर्यंत, म्हणजे सेकंदाला ४०० फेऱ्यांपर्यंत जाते. अनपेक्षित धक्का जाणवून त्यावर कृती करायला माणसाला साधारणपणे सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात हे बिट ८० वेळा फिरलेले असते, आणि त्याला दोन धारा असतील तर १६० वेळा लाकडावर किंवा लाकडाऐवजी मध्ये आलेल्या वस्तूवर आघात करून मोकळे झालेले असते. ज्या प्रसंगात कौशल्याला हस्तक्षेप करायला वेळच मिळत नाही, त्या प्रसंगाचा निकाल कौशल्यावर सोडणे हे तर्काला धरून नाही.

ड्रिलचा विचार आधी करावा, कारण तेथे चूक सौम्य भासते आणि म्हणूनच ती सर्वांत जास्त वेळा केली जाते. बहुतेक पेट्यांत एकच प्रकार आढळतो: दोन पिळदार पन्हळी असलेले, ११८ अंशांच्या टोकाचे बिट. या प्रकाराचे पेटंट अमेरिकेतील स्टीफन मोर्स यांना १८६३ मध्ये मिळाले, आणि त्याची सर्वसाधारण घडण धातूसाठी सोयीची आहे. त्याच्या टोकाच्या मध्यभागी एक आडवी बोथट कड असते, जी कापत नाही, केवळ दाबते. धातू सर्वत्र एकसारखा घट्ट असल्याने आधी ठोकलेल्या खुणेवर ती कड स्थिर राहते. लाकडात मात्र वाढीच्या प्रत्येक वलयात मऊ आणि कठीण थर शेजारी शेजारी असतात, त्यामुळे टोक कठीण थरावरून घसरून मऊ थराकडे ओढले जाते. भोक एक-दोन मिलिमीटर सरकते ते यामुळे, आणि कितीही सरावलेला हात यंत्र सरळ धरू शकला तरी टोकाखालच्या थरांची मांडणी बदलू शकत नाही. शिवाय या बिटाच्या धारा बाहेरच्या बाजूला उतरत्या असल्याने भोकाच्या कडेवरचे तंतू आधी उचलले जातात आणि नंतर तुटतात. प्लायवर किंवा सनमायकाच्या पृष्ठभागावर दिसणारी फाटकी कड ही त्या क्रमाची निशाणी असते.

लाकडासाठी घडवलेल्या ब्रॅड पॉइंट बिटात हा क्रम उलटा केलेला असतो. त्याच्या मध्यभागी बारीक अणकुचीदार टोक असते, जे प्रथम रुतते आणि जागा धरून ठेवते. परिघावर दोन टोकदार काटे असतात, जे तंतू वर्तुळाकार कापून घेतात. आणि मग आतली धार तेवढाच भाग काढून टाकते. धातूचे बिट सर्वस्वी टाकाऊ आहे असे येथे म्हणायचे नाही. स्क्रूसाठी दोन-तीन मिलिमीटरचे पूर्वभोक पाडायला तेच योग्य, कारण एवढ्या बारीक व्यासात ब्रॅड पॉइंटचे काटे टिकत नाहीत. परंतु डॉवेलचे, म्हणजे सांध्यात बसवायच्या गोल लाकडी खुंटीचे, भोक जागेवरून सरकले की संपूर्ण सांधा तिरका बसतो, आणि तेथे योग्य बिटाची जागा अनुभव भरून काढू शकत नाही.

हेच तत्त्व फोर्स्टनर बिटात आणखी ठळक दिसते. बेंजामिन फोर्स्टनर यांनी १८७४ मध्ये पेटंट घेतलेले हे बिट मध्याच्या टोकावर फारसे विसंबत नाही. बाहेरची धारदार गोल कड त्याला दिशा देते, त्यामुळे फळीच्या काठाला अर्धे बाहेर राहणारे भोक, एकमेकांत मिसळणारी दोन भोके किंवा सपाट तळाचे उथळ भोक त्याने पाडता येते. कपाटाच्या दारांना लावायच्या आजच्या लपत्या बिजागऱ्यांसाठी जे ३५ मिलिमीटर व्यासाचे भोक लागते, ते याच जातीच्या बिटाने काढतात. पण ही गोल कड लाकडाशी सतत घासत असते, आणि ती साध्या ड्रिलच्या पूर्ण वेगाने फिरवली की तिचे पोलाद तापून निळे पडते व पाणी उतरते, म्हणजे उष्णतेने दिलेली कठीणता नाहीशी होते. कठीण लाकडात या व्यासासाठी मिनिटाला पाचशे ते हजार फेऱ्या पुरतात. ‘हलक्या कंपनीचे बिट आठवड्यात बसले’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यातील बराच भाग कंपनीचा नसून वेगाचा असतो. आणि हेही मान्य केले पाहिजे की, वेग कमी-जास्त करता न येणारे ड्रिल ज्याच्या हाती दिले आहे, त्या कारागिराकडे दुसरा मार्ग उरलेला नसतो.

गिरमिटाचे उदाहरण या वादात निर्णायक ठरावे. गिरमिटी बिटाच्या टोकाला एक आटेदार स्क्रू असतो, जो लाकडात शिरून मागच्या धारांना आत ओढतो. हाताने फिरवताना ही ओढ वरदान असते, कारण माणसाला दाब द्यावा लागत नाही, केवळ फिरवावे लागते. तेच बिट वेगवान विजेच्या ड्रिलला, किंवा त्याहून वाईट म्हणजे उभ्या ड्रिल प्रेसला लावले, तर आत किती शिरायचे हे माणूस ठरवत नाही, स्क्रूचे आटे ठरवतात. बिट लाकडाला आपल्याकडे खेचते, अडकते, आणि मग एकतर मनगट पिरगाळते किंवा तुकडाच बिटाबरोबर फिरू लागतो. एकच हत्यार एका शक्तिस्रोताखाली सुरक्षित आणि दुसऱ्याखाली धोकादायक होते, आणि दोन्ही वेळा हात तोच असतो. ड्रिल प्रेसवर कोणतेही मोठे बिट आरपार निघताना अडकू शकते, म्हणून तुकडा शिकंज्यात धरणे, आणि लांब फळी असेल तर तिचा डावा भाग यंत्राच्या खांबाला मागून टेकवून ठेवणे आवश्यक असते. वरून पाहता बिट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. ते अडकले तर फळीचे डावे टोक खांबाकडे ढकलले जाते आणि खांब तिला रोखतो. उजवीकडे ठेवलेली फळी त्याच क्षणी कारागिराच्या पोटाकडे येते.

लहान कामांवर आणखी एक प्रघात दिसतो: राउटरचे बिट ड्रिलच्या चकमध्ये धरून कड घडवणे, किंवा उलट ड्रिलचे बारीक बिट राउटरमध्ये लावणे. चक म्हणजे ड्रिलची तीन जबड्यांची पकड, आणि ती बिटाच्या लांबीच्या दिशेने येणाऱ्या दाबासाठी असते. आडव्या दिशेचा सततचा जोर ती सहन करत नाही व सैल पडते. शिवाय ड्रिलचा वेग तीन हजार फेऱ्यांच्या आसपास असल्याने राउटरच्या धारेला कापण्याइतका वेगही मिळत नाही, ती ठोके देत लाकूड ओरबाडते. उलट प्रकारात लांब, सडपातळ ड्रिल बिट २४,००० फेऱ्यांवर वाकते आणि तुटते. हा अदलाबदलीचा मार्ग कामचलाऊ म्हणून कौतुकाने सांगितला जातो. त्याचे समर्थन करण्याजोगे काहीही नाही.

राउटरकडे वळल्यावर पहिला प्रश्न शँकचा, म्हणजे बिटाच्या पकडीत जाणाऱ्या दांडीचा येतो, आणि येथे महाराष्ट्रातील सुतारकामाची मोजण्याची रीत थेट धोक्याशी जोडलेली आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्या हिशेबाने दोन सुताची दांडी ६.३५ मिलिमीटरची आणि चार सुताची १२.७ मिलिमीटरची होते. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर काय किंवा पुण्याच्या बोहरी आळीत काय, इंची आणि मेट्रिक दोन्ही मापांची बिटे आणि यंत्रे मिळतात, आणि बोलताना ६ मिलिमीटरला ‘दोन सूत’ व १२ मिलिमीटरला ‘अर्धा इंच’ म्हणून टाकले जाते. फळीच्या मापात हा फरक खपून जातो. कॉलेटमध्ये, म्हणजे राउटरच्या त्या चिरा पाडलेल्या पोलादी नळीत जी नट आवळल्यावर आकसून दांडीला चहूबाजूंनी धरते, हा फरक खपत नाही. १२.७ मिलिमीटरच्या कॉलेटमध्ये १२ मिलिमीटरची दांडी घालून नट कितीही आवळला तरी कॉलेट एकसमान मिटत नाही. ते दांडीला थोड्याच जागी स्पर्श करते, कामात दांडी हळूहळू खाली सरकते, आणि शेवटी बिट सुटून बाहेर येऊ शकते. दांडीभोवती कागद किंवा पत्रा गुंडाळून ही उणीव भरून काढणे म्हणजे सुटण्याची वेळ पुढे ढकलणे होय. योग्य मापाची दांडीही तळाला टेकवून ठेवू नये: ती पूर्ण आत घालून दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढावी, कारण नट आवळताना कॉलेट आकसता आकसता दांडीला आत ओढते आणि तळ लागलेला असेल तर ती पकड अपुरी राहते.

जाड दांडीबद्दल ‘तेवढाच खर्च वाढतो’ असे म्हटले जाते. बाकीच्या गोष्टी समान असताना दांडी वाकण्याला जो विरोध करते तो व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून दुप्पट व्यासाची दांडी सोळापट ताठ असते. पातळ दांडीचे लांब बिट कामात थरथरते, ती थरथर कडेवर लाटांच्या खुणा ठेवते, आणि थरथरणारी कार्बाइडची धार लवकर टवका सोडते. कार्बाइड म्हणजे टंगस्टन आणि कार्बन यांच्या संयुगाचे कण कोबाल्टने बांधून केलेला अतिकठीण पदार्थ. जर्मनीतील क्रुप कंपनीने १९२०च्या दशकात तो विडिया या नावाने बाजारात आणला, आणि आजही कारागीर त्याला विडियाच म्हणतात. प्लायमधील आणि एमडीएफमधील वाळलेला गोंद साध्या हाय-स्पीड पोलादाची धार फार लवकर खातो, म्हणून तेथे विडियाला पर्याय नाही. पण हा पदार्थ जितका कठीण तितकाच ठिसूळ असल्याने ज्या बिटाचा टवका उडाला आहे ते बाजूला काढणे भाग असते. टवका उडालेले बिट ‘एवढे काम होऊ द्या’ म्हणून वापरले जाते, तेव्हा उरलेली टीप, म्हणजे बिटाच्या अंगावर झाळलेला विडियाचा तुकडा, केव्हा आणि कोणाच्या दिशेने उडेल हे कोणीच सांगू शकत नाही.

वेगाच्या बाबतीत प्रचलित समज सर्वांत जास्त चुकीचा आहे. राउटर जितका वेगात तितकी कड स्वच्छ, असे सांगितले जाते. हे बारीक बिटांपुरते खरे असून मोठ्या बिटांना लावले की जीवघेणे ठरते, कारण लाकडाला भिडतो तो फेऱ्यांचा आकडा नसून धारेचा प्रत्यक्ष वेग असतो आणि तो व्यासाबरोबर वाढतो. १२ मिलिमीटरच्या बिटाची धार २४,००० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे १५ मीटर जाते. दाराच्या लाकडी पॅनेलची कड उतरती करण्यासाठी वापरायचे ७५ मिलिमीटरचे बिट त्याच गतीवर सेकंदाला सुमारे ९४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३४० किलोमीटर वेगाने फिरते. त्या वर्तुळावर बसवलेली एक ग्रॅम वजनाची विडियाची टीप अशा वेळी सुमारे २४ किलोग्रॅम वजनाइतक्या जोराने बाहेर ओढली जात असते. तीच गती १०,००० फेऱ्यांवर आणली की ही ओढ चार किलोग्रॅमच्या आसपास उतरते, कारण ती गतीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणूनच २५ मिलिमीटरपर्यंतच्या बिटांना २४,०००, पन्नासपर्यंतच्यांना १८,०००च्या आत, आणि पंचाहत्तरच्या आसपासच्यांना १०,००० ते १२,००० फेऱ्या असे प्रमाण पाळले जाते, आणि मोठी बिटे हातातल्या राउटरवर न लावता टेबलाखाली पक्क्या बसवलेल्या राउटरवरच लावली जातात. ज्या यंत्राला गती कमी करण्याची सोयच नाही, त्यावर ७५ मिलिमीटरचे बिट चढवायला सांगणारा माणूस हाताची परीक्षा घेत नसतो. तो २४ किलोग्रॅमची ती ओढ झाळलेल्या एका बारीक सांध्यावर सोपवत असतो.

कड जळते तेव्हा ‘सावकाश चालवा’ असा सल्ला हमखास दिला जातो, आणि तो बहुतेक वेळा नेमका उलटा असतो. दोन धारांचे बिट २४,००० फेऱ्यांवर असताना राउटर मिनिटाला तीन मीटर पुढे सरकला, तर प्रत्येक धार सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीचा छिलका काढते. तोच राउटर मिनिटाला एक मीटर सरकवला तर छिलका ०.०२ मिलिमीटरवर येतो. इतक्या पातळ थरात धार शिरत नाही, ती लाकडावर घासते, घर्षणाने लाकूड काळे पडते आणि धारही तापून बोथट होते. काळी पडलेली कड म्हणजे बिट बोथट आहे, गती जास्त आहे किंवा पुढे सरकणे फार मंद आहे, या तीनपैकी एक. सागवानासारख्या तेलकट लाकडात बिटावर राळ साचूनही असे होते आणि ते पुसून स्वच्छ केले तर नवे बिट घेण्याची गरजही पडत नाही. छिलका जाड हवा याचा अर्थ एका दमात खोल जावे असा मात्र नाही. खोली टप्प्याटप्प्याने वाढवावी लागते, आणि सहा मिलिमीटरच्या बिटाने एका फेरीत तीन मिलिमीटरहून खोल न जाणे हा साधा, पाळण्याजोगा दंडक आहे.

दिशेचा नियम अनुभवी माणसांकडूनही मोडला जातो, कारण तो मोडल्यावर काम बरेचदा निभावून जाते. हातातला राउटर समोरच्या फळीच्या जवळच्या कडेवरून डावीकडून उजवीकडे न्यायचा, आणि टेबलावरच्या राउटरवर फळी उजवीकडून डावीकडे सरकवायची. दोन्ही ठिकाणी लाकूड बिटाच्या फिरण्याविरुद्ध जाते, त्यामुळे बिट सतत थोडा विरोध करते आणि ताबा माणसाकडे राहतो. उलट दिशेने नेले की धार लाकडावर चढते आणि राउटर किंवा फळी स्वतःबरोबर पळवते. फाटणारी रेषा वाचवण्यासाठी काही वेळा अगदी उथळ फेरीत मुद्दाम असे केले जाते, हे मान्य. पण तो अपवाद आहे. याहून गंभीर चूक म्हणजे टेबलावर फेन्स, म्हणजे मार्गदर्शक पट्टी, आणि बिट यांच्या मधल्या फटीतून फळी काढणे. तेथे अडकलेली फळी ज्या वेगाने फेकली जाते त्याला पकडणारा हात अस्तित्वात नाही, आणि फळीच्या मागे असलेला हात त्याच क्षणी बिटावर ओढला जातो.

आता दोन आक्षेपांचा विचार. पहिला असा की, ही सारी पथ्ये छंद म्हणून लाकूडकाम करणाऱ्यांसाठी ठीक आहेत, चौरस फुटावर मजुरी ठरलेल्या कामावर परवडत नाहीत. हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याची दखल घेतली पाहिजे. पण वर सांगितलेल्यांपैकी गती व्यासाप्रमाणे ठेवणे, दांडी कॉलेटच्या मापाची घेणे, दिशा पाळणे, बिटावरची राळ पुसणे यांना जवळजवळ काहीच खर्च येत नाही; खर्च येतो तो गती बदलता येणाऱ्या यंत्राला आणि योग्य बिटांना, आणि तो मजुराने नव्हे, काम देणाऱ्याने करायचा असतो. दुसरा आक्षेप म्हणतो की, हातमोजे आणि चष्मा दिले की मालकाचे कर्तव्य संपते. फिरत्या बिटाजवळ हातमोजे घालणे उलट धोक्याचे, कारण त्यांचा एक धागा अडकला की संपूर्ण हात ओढला जातो. चष्मा आवश्यक आहे, नाकावरचा योग्य मास्क त्याहून आवश्यक आहे, कारण लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच निश्चित केले, आणि बोथट बिट छिलक्याऐवजी हीच बारीक धूळ अधिक काढते. पण ही साधने चुकीच्या बिटाची भरपाई करत नाहीत.

युरोपमध्ये ईएन ८४७-१ या मानकानुसार हाताने सरकवायच्या कामासाठीच्या कटरवर ‘एमएएन’ ही खूण असते आणि त्यावर कमाल गतीचा आकडा कोरलेला असतो; अशा कटरची धार त्याच्या अंगापासून १.१ मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे येऊ दिलेली नसते, जेणेकरून हात घसरला तरी धार एका घासात खोल शिरू नये. त्या मानकाने कारागिराचा हात चुकेल हे गृहीत धरले आणि चुकीची खोली आधीच मर्यादित केली. भारतात कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ ने यंत्राच्या धोकादायक भागांना आवरण घालणे बंधनकारक केले होते, परंतु त्या कायद्यातली कारखान्याची मूळ व्याख्या विजेवर चालणाऱ्या जागेत किमान दहा कामगार असल्यावरच लागू होत असे, आणि चार-पाच जणांची सुतारकामाची टोळी, जी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत हिंडते, ती या व्याख्येबाहेर राहिली. तिच्यासाठी नियम लिहिणारे कोणी नसल्यामुळेच ‘हात बसला की झाले’ हे वाक्य नियमाची जागा घेऊन बसले आहे, आणि अपघातानंतर चौकशीही त्याच वाक्यापाशी थांबते.

ती चौकशी वेगळ्या क्रमाने व्हायला हवी. बिट कोणत्या जातीचे होते आणि त्याचा व्यास किती. दांडी किती मिलिमीटरची आणि कॉलेट कितीचे. गती किती ठेवली होती आणि ती बदलण्याची सोय यंत्रात होती काय. धार शेवटी केव्हा लावली. तुकडा शिकंज्यात होता की हातात. सरकवण्याची दिशा कोणती. आणि ते बिट व ते यंत्र कोणी विकत आणून दिले. या प्रश्नांची उत्तरे लिहून झाल्यावरच कारागिराचे लक्ष कुठे होते हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणालाही मिळतो.